प्राणवायूची मात्रा : अर्धसंवाहक प्रकाश-ऋणाग्रांच्या पृष्ठभागाची कहाणी



प्रकाशापासून वीज ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतून परिचयाची झाली आहे. शेतातील विहिरीवर सौर पंप चालतो, ग्रामपंचायतीच्या चौकात सौर दिवा लागतो. सौर पट्टीवर ऊन पडले की आतील इलेक्ट्रॉन जागे होतात आणि तारेतून वाहू लागतात. परंतु या व्यवहारात इलेक्ट्रॉन घन पदार्थाच्या आतच राहतो. एका पदार्थातून निघून दुसऱ्यात जातो एवढेच. आजच्या भाषणाचा विषय याहून अवघड अशा एका साधनाचा आहे. त्यात इलेक्ट्रॉनाला पदार्थाचे घर सोडून मोकळ्या पोकळीत उडी घ्यावयाची असते. या साधनास प्रकाश-ऋणाग्र म्हणतात. रात्रीच्या अंधारात सीमेवरील जवानाला शत्रूची हालचाल दाखविणाऱ्या दुर्बिणीच्या पोटात ते असते आणि अणुकेंद्राच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या प्रचंड त्वरकयंत्राच्या अगदी आरंभीही तेच असते. नाण्याएवढ्या चकतीवर पसरलेला अणुमात्र जाडीचा एक लेप, एवढेच त्याचे सर्वस्व. या लेपाचा सर्वात मोठा उपकारकर्ता आणि सर्वात मोठा वैरी हे दोघेही एकच आहेत. तो म्हणजे आपण ज्याच्या जोरावर श्वास घेतो तो ऑक्सिजन.

प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, याची पहिली खूण १८८७ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांना मिळाली. त्याचा उलगडा आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला. प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो आणि एक पुडी एका इलेक्ट्रॉनाच्या पदरात पडते, असे त्यांनी सांगितले. हा इतिहास पाठ्यपुस्तकांत सर्वांनी वाचलेला असतो. पाठ्यपुस्तकांत सहसा न येणारा भाग त्यानंतरचा आहे. आइन्स्टाइन यांचे समीकरण खरे की खोटे हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील शिकागो येथे रॉबर्ट मिलिकन यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांच्यापुढील खरी अडचण प्रकाशाची नव्हती, इलेक्ट्रॉनाचीही नव्हती. ती होती धातूच्या पृष्ठभागाची. सोडियम, पोटॅशियम, लिथियम या धातूंचा ताजा कापलेला पृष्ठभाग चांदीसारखा चकाकतो, पण हवा लागताच काही क्षणांत काळवंडतो. ज्या पृष्ठभागाचे मापन करावयाचे तोच क्षणोक्षणी बदलत असेल तर मापन कशाचे झाले म्हणावे? मिलिकन यांनी काचेच्या निर्वात पात्राच्या आतच एक फिरती सुरी बसविली आणि बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने ती फिरवून धातूचा थर तासून काढला. तासलेल्या ताज्या जागेवर लगेच प्रकाश पाडून त्यांनी मापन केले. निर्वात पात्रातील या लहानशा सुतारकामातून १९१६ पर्यंत आइन्स्टाइन यांच्या समीकरणाची अचूकता सिद्ध झाली. समीकरणाची कीर्ती जगभर झाली. सुरी मात्र विस्मृतीत गेली. पृष्ठभागावरील वायूचा थर हा प्रकाशविद्युत विद्येत जन्मापासून बरोबर आहे, हे ध्यानात राहावे म्हणून हा प्रसंग येथे सांगितला.

वायू हा नेहमी शत्रूच असतो असे मात्र नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी टंगस्टनच्या तारेवर सिझियम या धातूच्या बाष्पाचा परिणाम अभ्यासत होते. सिझियम हा अत्यंत उदार धातू. त्याच्या अणूतील सर्वात बाहेरचा इलेक्ट्रॉन तो सहजगत्या देऊन टाकतो. तार सिझियमच्या विरळ थराने झाकली गेली की तिच्यातून इलेक्ट्रॉन फार कमी आयासाने बाहेर पडतात, हे त्यांनी दाखविले. पृष्ठभागावर आधी ऑक्सिजनचा थर असेल तर सिझियम अधिक घट्ट धरून बसते, हेही या कामातून पुढे आले. पृष्ठरसायनाच्या कार्याबद्दल लँगम्यूर यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच सुमारास, १९३० च्या आगेमागे, चांदी, ऑक्सिजन आणि सिझियम यांच्या संयोगाने तयार केलेले ऋणाग्र प्रचारात आले. अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशालाही ते दाद देत असे. शंभर प्रकाशकणांमागे एक इलेक्ट्रॉनही त्यातून धड मिळत नसे; तरी दुसऱ्या महायुद्धातील अवरक्त दुर्बिणी त्याच्यावरच चालल्या. पुढे सिझियम-अँटिमनीचे, नंतर सोडियम, पोटॅशियम, सिझियम आणि अँटिमनी यांचे बहु-अल्कली ऋणाग्र आले. ही संयुगेही अर्धसंवाहकच होत. परंतु ती कशी कार्य करतात याविषयीच्या कल्पना बराच काळ धूसर होत्या. कृती आधी सापडली, कारण मागाहून. पाककलेत जे घडते तेच येथे घडले.

१९६५ साली हे चित्र बदलले. नेदरलँड्समधील आइंटहोव्हेन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत शेअर आणि फान लार या दोघा शास्त्रज्ञांनी गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक उत्तम निर्वातात फोडला आणि त्या ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर सिझियम बसविले. या वेळी आधी विचार होता आणि मग प्रयोग. तो विचार समजून घेण्यासाठी जुन्या पद्धतीचे घर डोळ्यांपुढे आणावे. घराला तळघर आहे, वर ओसरी आहे आणि ओसरीच्या कडेला उंच भिंत आहे; भिंतीपलीकडे मोकळे अंगण. इलेक्ट्रॉन तळघरात वस्ती करून असतात. प्रकाशकणाची ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन तळघरातून ओसरीवर येतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये या चढणीस सुमारे १.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते आणि ती तांबड्या प्रकाशाच्या कणातही असते. पण ओसरीवर आल्यावर पुढे सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीची भिंत आडवी येते. ती ओलांडण्याइतकी ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणात नसते; त्यासाठी जंबुपार किरणच हवेत. स्वच्छ गॅलियम आर्सेनाइड दृश्य प्रकाशात म्हणूनच मुके राहते.

सिझियमचा थर बसताच ही भिंत ढासळते. सिझियमचे अणू आपले इलेक्ट्रॉन स्फटिकाकडे झुकवितात. त्यामुळे पृष्ठभागावर बाहेरच्या बाजूस धन व आतल्या बाजूस ऋण असा विद्युतभाराचा जोड-थर निर्माण होतो आणि तो इलेक्ट्रॉनांना बाहेर पडण्यास साहाय्य करतो. स्फटिकात जस्तासारख्या मूलद्रव्याची मिसळ आधीच केलेली असल्यास पृष्ठभागाजवळ ऊर्जेचे पट्टे खाली वाकतात आणि काम आणखी सोपे होते. शेवटी अंगणाची पातळी ओसरीच्याही खाली जाते. मग ओसरीवर आलेल्या इलेक्ट्रॉनाला चढ उरतच नाही. तो सहज अंगणात उतरतो. या अवस्थेस ऋण इलेक्ट्रॉन आसक्ती असे नाव आहे. पूर्वीच्या धातूंच्या ऋणाग्रात पृष्ठभागाच्या अगदी लगतच्या, काही नॅनोमीटर जाडीच्या थरातील इलेक्ट्रॉनच निसटू शकत. येथे हजार नॅनोमीटर आणि त्याहूनही खोलवर जागा झालेला इलेक्ट्रॉन रमतगमत वर येतो आणि बाहेर पडतो. त्यामुळेच हिरव्या प्रकाशाच्या शंभर कणांमागे दहा किंवा अधिक इलेक्ट्रॉन मिळू शकतात. शंभरातील या हिशेबाला पुंज-कार्यक्षमता म्हणतात.

केवळ सिझियमने भिंत ओसरीच्या पातळीपर्यंत येते; ती खऱ्या अर्थाने खाली जाण्यासाठी ऑक्सिजनची जोड लागते. १९६८ पर्यंत सिझियम आणि ऑक्सिजन आळीपाळीने देण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि आजतागायत जगातील बहुतेक प्रयोगशाळा तीच वापरतात. या क्रियेला पृष्ठभागाचे सक्रियण म्हणतात. ती प्रत्यक्ष कशी होते हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण वायूची सारी कथा या तपशिलातच आहे.

प्रथम चकती गंधकाम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी यांच्या मिश्रणात धुतली जाते. नंतर ती निर्वात पात्रात ठेवून सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. त्यामुळे पृष्ठभागावरील ऑक्साइडे निघून जातात. फार वर गेल्यास आर्सेनिकच उडून जाऊ लागते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून तापमानाची लगाम हातात ठेवावी लागते. याला पर्याय म्हणून हायड्रोजनचे रेणू फोडून मिळणारे सुटे अणू पृष्ठभागावर सोडतात. ते ऑक्साइड आणि कार्बन दोन्ही ओढून नेतात आणि मग एवढ्या उष्णतेचीही गरज राहत नाही. येथे वायू परटाचे काम करतो. चकती निवाली की तिच्यावर प्रकाश पाडतात, समोर किंचित धन विद्युतदाब देतात आणि निघणारा प्रवाह मोजीत बसतात. सिझियम क्रोमेटने भरलेली बारीक पट्टी विजेने तापविली की सिझियमची वाफ निघते. काही वेळ काहीच घडत नाही. मग मापकाचा काटा हलतो, प्रवाह चढू लागतो, एका शिखरावर पोहोचतो आणि सिझियम चालूच ठेवल्यास घसरू लागतो. तो शिखराच्या साधारण निम्म्यावर आला की ऑक्सिजनची पाळी येते. अत्यंत बारीक झडपेतून, किंवा तापविलेल्या चांदीच्या नळीतून, ऑक्सिजन आत सोडतात. तापलेली चांदी ऑक्सिजनला आरपार जाऊ देते आणि इतर वायूंना अडविते. शुद्ध ऑक्सिजन मिळविण्याची याहून सुबक चाळणी क्वचितच असेल. ऑक्सिजन शिरताच पडलेला प्रवाह उसळी मारतो आणि पूर्वीच्या शिखराच्या बराच वर जातो. पुन्हा सिझियम, पुन्हा ऑक्सिजन. दर फेरीत शिखर उंचावते. काही फेऱ्यांनंतर ते उंचावेनासे होते. तेथे थांबावयाचे.

या साऱ्या विधीत ऑक्सिजन किती खर्च होतो? पृष्ठभागावरील अणूंचा एखाददुसरा थर व्यापण्याइतका. गॅलियम आर्सेनाइडच्या एक चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर साधारण सहाशे लाख कोटी अणू असतात. एक घन सेंटीमीटर साध्या हवेत ऑक्सिजनचे जेवढे रेणू असतात, तेवढ्यांत असा पृष्ठभाग सुमारे नऊ हजार वेळा झाकता येईल. एका चिमटीत मावेल एवढ्या हवेत ही शक्ती असते. विड्यातील चुना कमी पडला तर विडा रंगत नाही आणि अधिक झाला तर तोंड भाजते. येथेही तोच प्रकार आहे, फक्त चुन्याची मोजणी अणूंनी करावी लागते.

सक्रियण पूर्ण झाले की झडप बंद होते. परंतु पात्रातून वायू पूर्णपणे गेलेले नसतात. हवेचा सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या ७६० मिलीमीटर उंचीइतका, म्हणजे ७६० टॉर असतो. एक टॉरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या दाबात एखादा स्वच्छ पृष्ठभाग ठेवला, आणि त्यावर आपटणारा प्रत्येक रेणू चिकटतो असे धरले, तर सुमारे एका सेकंदात त्यावर रेणूंचा पूर्ण थर बसतो. पृष्ठभागाला मिळालेल्या वायूच्या मात्रेचे एकक यावरूनच ठरविले गेले आणि त्याला लँगम्यूर यांचे नाव मिळाले. दाब आणखी दहा लाखपटींनी नव्हे, एक लाखपटीने कमी केला, म्हणजे एक टॉरच्या दहा हजार कोटीव्या भागावर आणला, तर तोच थर बसण्यास एक लाख सेकंद, म्हणजे अठ्ठावीस तास लागतात. माणसाला मिळालेली सवड ती एवढीच. या पराकोटीच्या निर्वातातही प्रत्येक घन सेंटीमीटरात तीन लाखांहून अधिक रेणू फिरत असतात. पोकळी हा शब्द किती सापेक्ष आहे, हे त्यावरून कळावे.

असा निर्वात मिळविणे आणि टिकविणे हे चिकाटीचे काम आहे. पोलादाच्या पात्राच्या भिंतींना पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात. ते काढण्यासाठी सारे पात्र दोनशे ते अडीचशे अंशांवर एक-दोन दिवस किंवा अधिक काळ भाजावे लागते. पोलादाच्या पोटात मुरलेला हायड्रोजन त्यानंतरही हळूहळू पाझरत राहतो. त्यावर उपाय म्हणून वायूशोषक धातूंच्या पट्ट्या पात्रात बसवितात. ज्यांनी जुन्या काळचे व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून पाहिले असतील, त्यांना व्हॉल्व्हच्या काचेवर आतून पसरलेला चंदेरी आरसा आठवेल. तो बेरियमचा थर असे आणि काचेतील उरलासुरला वायू गिळण्याचे काम करी. आजच्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूंच्या पट्ट्या हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप आहे. आणखी एक गंमत अशी, की दाब मोजणाऱ्या तापतंतूच्या उपकरणाचा तंतू स्वतःच वायू सोडतो. म्हणून अनेक प्रयोगशाळांत सक्रियण झाल्यावर ते बंद करून ठेवतात. रोगाचे निदान करणाऱ्यानेच रोग आणावा, असा हा प्रकार.

सर्वच वायू सारखे घातक नाहीत. येथे प्रश्न पृष्ठभागाच्या जीवनमरणाचा असल्यामुळे संशोधकांनी एकेक वायू मुद्दाम मोजून सोडला आणि प्रवाह किती घटतो ते पाहिले. हायड्रोजन, नायट्रोजन आणि मिथेन हे वायू साध्या स्थितीत सिझियमच्या लेपाला फारसे ढवळीत नाहीत. हे दैवाने बरे घडले; कारण पोलादी पात्रातील उरलेल्या वायूत मोठा वाटा हायड्रोजनचाच असतो. याउलट ऑक्सिजन, कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे तिघे मारक आहेत. जपानमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेने उत्सर्जन घटले, कार्बन मोनॉक्साइडने मात्र ते घटले नाही. नंतरच्या काही प्रयोगांत कार्बन मोनॉक्साइडही निर्दोष नसल्याचे आढळले. पृष्ठभागाची पूर्वस्थिती, लेपाची रचना आणि वायूची शुद्धता यांवर असे निष्कर्ष अवलंबून असतात आणि म्हणून ते एकमेकांशी जुळवून पाहताना सावध राहावे लागते.

मारक वायूंचे समान सूत्र ऑक्सिजन हे आहे. पाण्याचा किंवा कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू सिझियमच्या संपर्कात आला की सिझियम त्यातील ऑक्सिजनशी बंध जोडते. सिझियम आणि ऑक्सिजन यांचे जे प्रमाण मोठ्या निगुतीने साधलेले असते ते बिघडते, जोड-थराचे साहाय्य कमी होते, अंगणाची पातळी पुन्हा ओसरीच्या वर सरकू लागते. आधी तांबड्या प्रकाशाचा प्रतिसाद मंदावतो, कारण त्या प्रकाशाने जागे झालेल्या इलेक्ट्रॉनाजवळ शिल्लक ऊर्जा नसते. निळा प्रकाश त्या मानाने उशिरा हार मानतो. ऑक्सिजन आणखी आत शिरला तर गॅलियम आणि आर्सेनिक यांचीच ऑक्साइडे बनू लागतात. पहिल्या अवस्थेवर इलाज आहे: थोडे ताजे सिझियम दिले की प्रवाह पुष्कळसा परत येतो. पण दर खेपेस तो थोडा कमी येतो, आणि अखेर चकती पुन्हा तापवून सर्व विधी पहिल्यापासून करावा लागतो. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड हा वायू वापरूनही सक्रियण करता येते. त्यातील फ्लुओरिन सिझियमशी बांधली जाते. अमेरिकेतील काही मोठ्या प्रयोगशाळांनी हीच वाट पसंत केली आहे.

या चार-दोन अणूंच्या थरावर किती मोठा भार पेलला जातो याचे उदाहरण १९७८ साली दिसले. गॅलियम आर्सेनाइडवर चक्राकार ध्रुवित प्रकाश टाकला तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी बहुसंख्य इलेक्ट्रॉन एकाच दिशेने स्वतःभोवती फिरत असतात, हे स्वित्झर्लंडमधील झूरिक येथे १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास दाखविले गेले होते. प्रकाशाची फिरकी उलटली की इलेक्ट्रॉनांची फिरकीही उलटते. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे सुमारे तीन किलोमीटर लांबीचे रेषीय त्वरकयंत्र आहे. चार्ल्स प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या तोंडाशी सिझियम आणि ऑक्सिजनने सक्रिय केलेले असे ऋणाग्र बसविले आणि उजव्या फिरकीचे व डाव्या फिरकीचे इलेक्ट्रॉन ड्यूटेरियमच्या लक्ष्यावर आदळविले. निसर्ग उजव्या-डाव्यात भेद करीत नसेल तर दोन्ही प्रकारचे इलेक्ट्रॉन सारख्याच संख्येने विखुरले पाहिजेत. सुमारे दहा हजारांत एक एवढा फरक आढळला. एवढासा फरक ओळखण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत दिवसेंदिवस भरपूर आणि स्थिर मिळणे अगत्याचे होते. ऋणाग्राचा पृष्ठभाग मलूल झाला की प्रयोगच थांबणार. तो फरक वाइनबर्ग, सलाम आणि ग्लॅशो यांच्या सिद्धांताशी जुळला आणि पुढल्याच वर्षी, १९७९ साली, या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धांतकारांचा गौरव योग्यच होता. परंतु त्या यशामागे चकती तापविणाऱ्या, सिझियमची पट्टी जपणाऱ्या आणि काटा पाहत बसणाऱ्या माणसांचे रात्रीचे जागरण होते, हेही नोंदले गेले पाहिजे.

त्वरकयंत्रांकडून पुढे अधिकाधिक प्रवाहाची मागणी होऊ लागली आणि एक वेगळेच संकट ठळक झाले. व्हर्जिनियातील जेफरसन प्रयोगशाळेत २०१० ते २०१२ या काळात प्रोटॉनावरील एका प्रयोगासाठी १८० मायक्रोअँपिअरपर्यंतचा ध्रुवित झोत वापरला गेला. हा प्रवाह अखंड चालला तर चकतीतून दिवसाला पंधरा कूलंबांहून अधिक विद्युतभार निघतो. अशा ठिकाणी निर्वात इतका उत्तम असतो की मारक वायूंचा साधा हल्ला जवळजवळ थोपविलेला असतो. तरीही पृष्ठभाग झिजतो. आणि या वेळी गुन्हेगार ठरतो तो निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेला हायड्रोजन. घडते ते असे : ऋणाग्रावर एक लाख व्होल्टहून अधिक ऋण दाब असतो. बाहेर पडून वेगाने निघालेला इलेक्ट्रॉन वाटेत हायड्रोजनच्या एखाद्या रेणूवर आदळतो आणि त्याचा आयन बनवितो. आयन धनभारित, म्हणून तो उलट दिशेने, थेट ऋणाग्राकडे ओढला जातो. मघाचा संथ रेणू आता बंदुकीच्या गोळीसारखा येऊन सिझियमचा लेप उडवितो, स्फटिकाच्या आत घुसतो आणि तेथील रचना बिघडवितो. येथे दोष वायूच्या रासायनिक स्वभावाचा नसून त्याला मिळालेल्या वेगाचा असतो. ऋणाग्राची तपासणी केली तेव्हा लेझरचा ठिपका जेथे पडत होता तेथून चकतीच्या मध्याकडे जाणारा एक झिजलेला पट्टा स्पष्ट दिसून आला. आयन जेथे जन्मतात आणि जी वाट धरतात, तिचाच तो नकाशा होता.

या नकाशावरून उपाय सुचले. लेझरचा ठिपका चकतीच्या मध्यावर न पाडता बाजूला पाडू लागले, म्हणजे मध्याकडे ओढले जाणारे बरेचसे आयन ठिपक्याच्या जागेला वगळून पडतात. एक जागा थकली की ठिपका दुसऱ्या जागी सरकवावयाचा. शेताचा एक तुकडा पड टाकून दुसरा पेरावा तसे. चकतीच्या कडा मुद्दाम निष्क्रिय ठेवल्या, कारण कडेवरून निघालेले इलेक्ट्रॉन भरकटून पात्राच्या भिंतीवर आपटतात आणि तेथील वायू मोकळा करतात. पुढील धनाग्रावर थोडा धन दाब देऊन झोताच्या वाटेवरून परत येणाऱ्या आयनांना अटकाव करण्यात आला. आणि पुन्हा पुन्हा, निर्वात सुधारण्यात आला. यामुळे ऋणाग्राचे आयुष्य तासांत मोजण्याऐवजी त्याने दिलेल्या कूलंबांत मोजण्याची रीत पडली आणि ते शेकडो कूलंबांवर जाऊन पोहोचले.

त्वरकयंत्राच्या ऋणाग्राला आजारी पडल्यावर उपचार मिळतो. रात्रीच्या दुर्बिणीतील ऋणाग्राला ती सोय नाही. प्रतिमावर्धक नळी एकदा सीलबंद झाली की आतील पृष्ठभागाने हजारो तास त्याच वायूंच्या सहवासात काढावयाचे असतात. पुन्हा तापविणे नाही, पुन्हा सिझियम नाही. आकाशात चांदणेसुद्धा नसताना ताऱ्यांचा जो अंधूक उजेड असतो, त्यात अवरक्त भाग बराच असतो आणि तेथे गॅलियम आर्सेनाइड सरस ठरते. अमेरिकेत विकसित झालेल्या तिसऱ्या पिढीच्या नळ्यांत म्हणून त्याचाच वापर झाला. मात्र ऋणाग्रासमोरच सूक्ष्म नलिकांची एक काचेची चाळणी असते. तिच्यात एका इलेक्ट्रॉनाचे हजारो होतात आणि तेथून सुटणारे वायूचे आयन ऋणाग्रावर चाल करून येतात. त्यांना अडविण्यासाठी चाळणीच्या तोंडावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा झिरझिरीत पडदा ताणावा लागला. पडदा आयन अडवितो, पण काही इलेक्ट्रॉनही खातो. प्रतिमेच्या स्पष्टतेची थोडी किंमत देऊन आयुष्य विकत घ्यावे लागते. दुसऱ्या पिढीच्या नळ्यांतील बहु-अल्कली ऋणाग्र अधिक सोशिक असते, त्याला असा पडदा लागत नाही. ज्या दुर्बिणी आपले जवान हाताळतात, त्यांसाठी प्रतिमावर्धक नळ्या बनविण्याचे काम महाराष्ट्रातही चालते. पुण्यात १९९० साली स्थापन झालेली बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी याच उद्योगासाठी उभी राहिली. अशा कारखान्यात नळीचा प्रत्येक भाग धुणे, भाजणे आणि वायूमुक्त करणे यांत जेवढा वेळ जातो, तेवढा ऋणाग्राच्या प्रत्यक्ष निर्मितीत जात नाही. कामगाराच्या बोटाचा एक ठसा, त्यातील तेल आणि ओल, सीलबंद नळीत महिनोन्‌महिने वायू सोडीत राहू शकतो.

संशोधकांचा आताचा प्रयत्न लेपच अधिक टणक करण्याचा आहे. सिझियमबरोबर लिथियम देऊन पाहिले जात आहे. सिझियम टेल्युराइड हे संयुग जंबुपार प्रकाशासाठी फार दिवस वापरात असून वायूंना बऱ्यापैकी दाद देत नाही, हे ठाऊक होते. त्याचाच अतिशय पातळ थर गॅलियम आर्सेनाइडवर चढवून ऋण इलेक्ट्रॉन आसक्ती मिळते का, याचे प्रयोग अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाले. आसक्ती मिळाली आणि आयुष्यही काही पटींनी वाढले. मात्र प्रत्येक शंभर प्रकाशकणांमागे मिळणारे इलेक्ट्रॉन, सिझियम आणि ऑक्सिजनच्या जुन्या लेपाच्या तुलनेत, अद्याप कमीच आहेत.